जुनं म्हणजे बिघडलेलं?

परवा रूमवर मोझार्टचा व्हायोलिन-पियानो सोनाटा लावला, तर पार्टनर म्हणतो, "काय रे, पियानोचा डबा झालाय का?" मित्रांनो, तो डबा नव्हता, फोर्टेपियानो होता! इसाबेल फाउस्ट आणि अलेक्झांडर मेल्निकोव यांच्या या रेकॉर्डिंगचा पहिला भाग २०१८ मध्ये आला. पियानो आहे व्हिएन्नाच्या आंतोन वाल्टरच्या वाद्याची प्रतिकृती. खुद्द मोझार्टकडेही वाल्टरचाच पियानो होता.

आपण इंजिनिअर लोक आधी स्पेसिफिकेशन बघणार. आजचा पियानो : ८८ पट्ट्या, बिडाची फ्रेम, फेल्टचे हातोडे. तेव्हाचा : जेमतेम पाच सप्तकं, लाकडी सांगाडा, हातोड्यांना चामडं. म्हणजे नवा भारी? मोठा हॉल भरायचा असेल तर नक्कीच. पण मोझार्टच्या काळी हे सोनाटा 'पियानोसाठी, व्हायोलिनच्या साथीसह' असे छापले जात. आजच्या पियानोपुढे ही साथ बुडू नये म्हणून वाजवणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागतो. फोर्टेपियानोचा स्वर पटकन विरतो, व्हायोलिनला जागा मिळते आणि दोघंही मनमोकळं वाजवू शकतात.

शाळेत व्हायोलिनबरोबर पियानो वाजवताना "हळू, हळू" ऐकून मला वाटायचं, आपलाच हात जड. या रेकॉर्डिंगने ते ओझं उतरवलं.

जुन्या वाद्यामुळे कुणी आपोआप चांगला वाजवत नाही, हे कबूल. पण नव्या मशीनला 'सुधारलेलं' म्हणण्याआधी एवढं तरी विचारूया : कोणत्या कामासाठी?