म्हैसूरचे दोन गोलंदाज

म्हैसूर म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, चंदनाचा दरवळ आणि तुपाने ओथंबलेला म्हैसूरपाक. पण याच निवांत शहरात असे दोन गोलंदाज जन्मले, ज्यांनी हातातून निसटू पाहणारे सामने भारताला मिळवून दिले. एक फिरकी गोलंदाज, दुसरा वेगवान. दोघांच्याही कामगिरीचा आकडा मात्र एकच: सहा बळी!

पहिला भागवत चंद्रशेखर. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा हात बारीक आणि अशक्त झाला. चेंडू फेकायचा तो डाव्या हाताने. गोलंदाजी मात्र त्याच दुबळ्या उजव्या हाताने! 1971 च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडकडे पहिल्या डावात 71 धावांची आघाडी होती. कर्णधार अजित वाडेकरने चंद्राच्या हाती चेंडू दिला आणि इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत आटोपला. चंद्राने 38 धावांत 6 बळी घेतले. 24 ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, भारताने इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला कसोटी विजय मिळवला.

दुसरा जवागल श्रीनाथ. म्हैसूरमध्येच इंजिनिअर झालेल्या या उंच तरुणाचे गुण गुंडप्पा विश्वनाथने हेरले. रणजी पदार्पणातच त्याने हैदराबादविरुद्ध हॅटट्रिक साधली. 1991 मध्ये तो ब्रिस्बेनला पहिली कसोटी खेळला. पण मायदेशातील पहिल्या कसोटीसाठी त्याला 1994 पर्यंत थांबावे लागले. आपल्या खेळपट्ट्या फिरकीच्या, तिथे वेगवान गोलंदाजाचे काम चेंडूची लकाकी घालवण्यापुरते!

हा समज त्याने नोव्हेंबर 1996 मध्ये अहमदाबादला मोडला. दक्षिण आफ्रिकेला विजयासाठी हव्या होत्या अवघ्या 170 धावा. भारताच्या दुसऱ्या डावात पदार्पण करणाऱ्या लक्ष्मणने 51 धावा केल्या, म्हणून निदान एवढे तरी आव्हान उभे राहिले. मोटेराच्या संथ खेळपट्टीवर सर्वांचे लक्ष होते कुंबळेकडे. पण श्रीनाथने सुरुवातीलाच हडसन आणि कलिनन यांना शून्यावर तंबूत धाडले. मग एका टोकाला कर्णधार क्रोनिए उभा राहिला आणि दुसऱ्या टोकाला रीघ लागली. 105 धावांत डाव खलास! श्रीनाथ 21 धावांत 6 बळी; भारत 64 धावांनी विजयी.

पण गोलंदाजाचे नशीब विचित्र असते. फेब्रुवारी 1999 मध्ये कोलकात्याला पाकिस्तानविरुद्ध श्रीनाथने आधी 5 आणि मग 8, असे सामन्यात 13 बळी घेतले. तरीही भारत 46 धावांनी हरला. फलंदाजांनी साथ दिली नाही, तर तेरा बळीही अपुरे पडतात.

67 कसोटींत 236 बळी घेऊन श्रीनाथ निवृत्त झाला. चंद्राच्या नावावर 58 कसोटींत 242. शतकवीरांची नावे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण प्रतिस्पर्ध्यांचे वीस गडी बाद करणारा कोणी नसेल, तर त्या शतकांनी सामना बहुधा अनिर्णितच राहतो. म्हैसूरला गेलात तर म्हैसूरपाक जरूर खा. जाता जाता या दोघांचीही आठवण काढा!