फोडण्याआधी नाणं वाजवून बघा

“बाथरूम नवं करायचं म्हणजे फोडावं लागणारच, ताई.” आईच्या फ्लॅटमध्ये आल्यावर दोन मिनिटांत पहिल्या ठेकेदाराने हे सांगितलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं आणि तिसऱ्याने तर दारातूनच. नंतर मामाने, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, सोसायटीच्या चेअरमननी त्याला दुजोरा दिला. एवढ्या सगळ्यांत टाइलला हात लावून पाहणारा मात्र एकही नव्हता.

कोथरूडमधली १९८६ची इमारत. पाच बाय सातचं बाथरूम. भिंतींना सहा फुटांपर्यंत फिकट पिस्ता रंगाच्या सहा इंची ग्लेझ टाइल्स, त्यांच्या वरच्या भिंतीला कधीकाळी पांढरा असलेला ऑइलपेंट, खाली मोझॅकची फरशी. नाडी न बघता ऑपरेशनची तारीख देणाऱ्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जात नाही. घराच्या बाबतीत मात्र ‘फोडावं लागेल’ हे ऐकलं की मान डोलावतो आणि लगेच नव्या टाइल्स बघायला दुकानात जातो. माझं म्हणणं असं आहे की जी टाइल भिंतीला घट्ट धरून आहे ती फोडू नये. बाथरूम जुनाट दिसतं ते बहुतेक वेळा टाइलमुळे नाही, तिच्या आजूबाजूच्या गोष्टींमुळे दिसतं. आणि ते गळत असेल तर दोष जिथे असेल तिथेच हातोडी लागावी, इतरत्र नाही.

गळतीचंच आधी बघू, कारण फोडणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. काकूंच्या छताला ओल होती, हे खरंच होतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-मोरीतून होणाऱ्या आतल्या गळतीची दुरुस्ती ज्याच्या त्या सभासदाने स्वखर्चाने करायची असते, त्यामुळे टाळाटाळीचा प्रश्नच नव्हता. पण ‘टाइल जुनी, म्हणून गळती’ हे तर्कात बसत नाही. ग्लेझ केलेल्या चिनी मातीतून पाणी झिरपत नाही. पाणी जातं ते सांध्यांतून, नहाणी ट्रॅपच्या कडेने, गंजलेल्या लोखंडी जीआय पाइपातून. शिवाय जुन्या बाथरूममध्ये पाणी अडवण्याचं मुख्य काम टाइल करतच नाही, ते काम खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा करतो. वरून ब्रेकर चालवला की तोच कोबा हादरतो. जे शाबूत होतं त्याला भेगा पडतात आणि मग ‘बघा, वॉटरप्रूफिंग गेलेलंच होतं’ असं म्हणायची सोय होते.

म्हणून आम्ही आधी शोध घेतला. त्यासाठी लागतं फक्त दोन-तीन दिवसांचं थांबणं. पहिल्या दिवशी गच्चीवरच्या टाकीकडून येणारा वॉल्व्ह बंद केला. दाबाची लाइन गळत असती तर ओल हटायला लागली असती, ती हटली नाही. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत फडकं कोंबून ट्रॅपचं तोंड बंद केलं, फरशीवर दोन इंच पाणी साठवलं आणि पातळीपाशी टाइलवर पेन्सिलची रेघ मारली. चोवीस तासांनी पाणी जवळजवळ त्या रेघेवरच होतं आणि काकूंच्या छताची ओल वाढली नव्हती. म्हणजे फरशी आणि तिच्याखालचा कोबा धडधाकट. मग बोळा काढून बादलीमागून बादली पाणी ट्रॅपमध्ये सोडलं. संध्याकाळी काकूंनी वर येऊन सांगितलं, “आता मात्र टपकायला लागलंय हो.” ट्रॅप आणि पुढच्या पाइपाचा सांधा तडकला होता. दीड फूट चौरस उघडलं, बिडाचा जुना ट्रॅप काढून नवा बसवला, कडांना वॉटरप्रूफिंग केलं आणि उघडलेल्या जागी काळ्या कडाप्पाची चौकट बसवली. सगळा खेळ दीड फुटांचा होता. त्यासाठी साऱ्या खोलीची साल काढायची होती.

“पण जुन्याची गॅरंटी कोण देणार?” हा ठेकेदारांचा पुढचा प्रश्न. तो मी हसण्यावारी नेत नाही. दुसऱ्याने केलेल्या, आत काय आहे ते न दिसणाऱ्या कामावर आपलं नाव लावायला कारागीर कचरतो, आणि ते रास्तच आहे. पण याचं उत्तर तपासणी हे आहे. माझ्या मिस्त्रींनी खिशातलं पाच रुपयांचं नाणं काढलं आणि एकेक टाइल वाजवायला सुरुवात केली. घट्ट बसलेली टाइल टणक, बारीक आवाज देते. मागे पोकळी असेल तर आवाज बद्द येतो, मडक्यासारखा. भिंतींवर पाचशेच्या आसपास टाइल्स होत्या. त्यांतल्या बद्द निघाल्या नऊ, साऱ्या गिझरखालच्या कोपऱ्यात. बाकीच्यांनी इतक्या वर्षांत आंघोळीची वाफ, उन्हाळ्याचा ताव आणि पावसाळ्याची ओल सोसून भिंत सोडली नव्हती. नव्या टाइलने अजून एकही पावसाळा बघितलेला नसतो. गॅरंटी म्हणायचीच तर मला या दोघींत जुनीची जास्त वाटते.

आता दिसण्याचं. पिस्ता रंग जुनाट दिसतो, खोली कळकट वाटते, हा आक्षेप मला स्वतःलाही पटला होता. तो मोडला आरसा काढल्यावर. बेसिनवरचा आरसा १९८६पासून त्याच चार स्क्रूंवर होता. तो उतरवला तेव्हा मागे नऊ टाइल्सचा चौकोन मोकळा झाला. त्या टाइल्सचा रंग बाहेरच्या टाइल्सइतकाच होता, तसूभरही फरक नाही. फरक होता तो सांध्यांत. आरशामागे सांधे पांढरेशुभ्र होते आणि बाहेर चहाच्या गाळासारखे तपकिरी. इतकी वर्षं आम्ही सांध्यांचा मळ टाइलच्या नावावर मांडत आलो होतो.

जुने सांधे व्हाइट सिमेंटने भरलेले असतात. व्हाइट सिमेंट सच्छिद्र, त्यात साबण, तेल, बोअरचे क्षार, शेवाळ सगळं जिरतं. त्यावर आपण अॅसिड ओततो. अॅसिड मळाबरोबर सिमेंटही खातं, सांधा खोल जातो, त्यात आणखी मळ बसतो, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा अॅसिड. नळांचा क्रोम जातो, मोझॅकमधले संगमरवराचे तुकडे निस्तेज होतात. फरशीच्या मोझॅकला तर चिंच-लिंबूसुद्धा लावू नये, संगमरवर तेवढ्यानेही चरतो. आणि अॅसिडवर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो फुप्फुसांना इजा करतो, हे प्रत्येक घरात सांगितलं गेलं पाहिजे.

उपाय आहे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरण्याचा. काम कंटाळवाणं आहे. हॅक्सॉच्या जुन्या पात्याचा तुकडा फडक्यात धरून मिस्त्रींनी दोन-तीन मिलिमीटर खोल सांधा मोकळा केला. आधी उभ्या रेघा, मग आडव्या, टाइलच्या कडेचं ग्लेझ सांभाळत. बारीक पांढरी पूड खाली पडत होती. मग ब्रशने झटकणं, पुसणं, दोन दिवस वाळवणं. इपॉक्सीत राळ, हार्डनर आणि रंगाची पूड पाकिटावरच्या प्रमाणातच कालवायची असते. कालवल्यावर हाताशी अर्धा-पाऊण तास मिळतो, म्हणून एकदम सगळं भिजवायचं नाही. रबरी पट्टीने तिरपं ओढून भरायचं आणि लगेच ओल्या स्पंजने पुसायचं. पुसायला उशीर झाला तर टाइलवर धुरकट पापुद्रा बसतो आणि तो निघता निघत नाही. आम्ही रंग पांढरा घेतला नाही, पिस्त्यापेक्षा जरा गडद करडा-हिरवा घेतला. चौथ्या दिवशी आई दारात उभी राहून म्हणाली, “अगं, आपण राहायला आलो तेव्हा अशीच होती.”

बाकीचं भराभर झालं. सहा फुटांवरच्या भिंतीचा पोपडे धरलेला ऑइलपेंट खरवडून ओल सोसणारा ऑफ-व्हाइट रंग. खालून कुजलेल्या लाकडी दाराऐवजी डब्ल्यूपीसीचं (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाचं) दार. दारावर टांगलेली एकुलती ट्यूब गेली आणि आरशापाशी व छताला दोन दिवे आले. खिडकीच्या काचपट्ट्यांमध्ये एक्झॉस्ट पंखा बसला. कमोड, फ्लश, नळ नवे. या सगळ्यांत उजेडाने सर्वांत मोठा फरक पडला. पाठीमागून पडणाऱ्या निळसर उजेडात कुठलीही टाइल मरगळलेलीच दिसते.

आईला पकडायला दांडी हवी होती. “जुन्या टाइलला भोक पाडलं की तडकणार,” हेही ऐकवलं गेलंच. ड्रिलचा ठोका बंद ठेवायचा, भोकाच्या जागी कागदी टेप चिकटवायचा, टाइलसाठीचं टोकदार बिट घ्यायचं आणि सावकाश फिरवायचं. ग्लेझ आणि माती पार करून भिंत लागली की मगच ठोका चालू करायचा. आठ भोकं पडली आणि एकही टाइल तडकली नाही.

दांडीवरून फरशीकडे येते, कारण माझा राग खरा तिथे आहे. नवं म्हणून जे बसवलं जातं ते काय असतं? दोन फूट बाय दोन फुटांची, चकचकीत, जवळजवळ बिनसांध्याची व्हिट्रिफाइड टाइल. आपली आंघोळ बादली-तांब्याची, सगळी फरशी ओली होते. म्हणून उतार हा आपल्या मोरीचा प्राण आहे. पाच फुटांत जेमतेम इंचभर, पण चारही बाजूंनी ट्रॅपकडे. लहान लादी हा उतार सहज घेते. मोठी टाइल वाकत नाही. ती तिरकी कापली तर दिसायला वाईट, म्हणून पुष्कळदा उतारच मारला जातो आणि कोपऱ्यात पाणी तुंबून राहतं. लहान लाद्यांचे सांधे पावलाला धरही देतात. सत्तरीपुढच्या बाईने साबणाच्या पाण्यात त्या गुळगुळीत पत्र्यावर पाय ठेवायचा, आणि याला आपण सुधारणा म्हणायचं? मोझॅकवरही साबणाचा थर साठला की पाय घसरतो, हे मान्य आहे. तो थर सौम्य साबण आणि ब्रशने काढायचा. मशीन लावून आरशासारखं पॉलिश मात्र करायचं नाही.

फोडण्याची किंमत अंदाजपत्रकात पूर्ण लिहिलेली नसते. आईच्या बाथरूमचा मी हिशोब मांडला. टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून भिंतींचे सातशे किलो, फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून तीन-चारशे किलो. टनाच्या वर राडारोडा, म्हणजे पंचवीस-तीस गोण्या, आणि त्या बिनलिफ्टच्या इमारतीत कोणाच्या तरी पाठीवरून उतरणार. तेवढंच नवं सामान वर चढणार. फोडताना उडते ती धूळ साधी नसते. मसाल्यातल्या वाळूत आणि टाइलच्या मातीत सिलिका असते, आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस कारखान्यांना लागू असलेल्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. इथे तर कारखानाही नाही. तोंडाला गमछा बांधलेला वीस वर्षांचा मुलगा आणि दार लावून घेतलेली पस्तीस चौरस फुटांची खोली. देशातल्या बहुतांश सिरॅमिक टाइल्स गुजरातेत मोरबीला होतात, हजार अंशांवरच्या भट्ट्यांत. तिथले कोळशाचे गॅसिफायर २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला बंद करायला लावावे लागले, इतकी हवा आणि पाणी त्यांनी नासवलं होतं. आता तिथे नैसर्गिक वायू किंवा प्रोपेन जळतो, पण जळतोच. ज्या टाइलसाठी हे सारं एकदा जळून गेलंय आणि जिला अजून काहीही झालेलं नाही, ती फोडायला कारण तरी तसंच हवं.

“तुमच्या टाइल्स म्हणजे काही वारसा नाही,” असं मामा म्हणाला. बरोबर आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मिंटन टाइल्ससारखं नाव आमच्या पिस्त्याला नाही. मी तिच्यासाठी आठवणींची किंवा इतिहासाची सवलत मागतच नाहीये. ती काम देते, एवढ्यावरच तिने राहावं.

फोडणंच योग्य असतं अशा जागाही आहेत. नाणं भिंतभर बद्द वाजत असेल, पाणी साठवल्यावर पातळी उतरत असेल, खोलगट स्लॅबचा भराव पाणी पिऊन बसला असेल, तर मीही ब्रेकर बोलवा म्हणेन. भिंतीतली जीआय लाइन गंजली असेल तर मात्र साऱ्या भिंतीची गरज नसते. टाइलचा एक उभा पट्टा उघडून सीपीव्हीसीचा पाइप टाकता येतो. आणि टाइल राखायची म्हणून तिला रंग फासणं किंवा स्टिकर चिकटवणं मला मान्य नाही. रोज भिजणाऱ्या मोरीत तो रंग कडांपासून सुटतो आणि खालचं धड ग्लेझही घासून गेलेलं असतं. जुन्यावर नवी टाइल चढवण्याने राडारोडा वाचतो, पण फरशी वर येते, दार अडतं, उतार बिघडतो आणि खालचा दोष कायमचा झाकला जातो.

राहिला शेवटचा आक्षेप, की तशी टाइल आता मिळत नाही. नाहीच मिळत. जवळपासचा पिस्ता शोधत बसू नये, तो ठिगळासारखाच दिसतो. आम्ही गिझरखालच्या नऊ जागी ठळक गडद हिरव्या टाइल्स लावल्या. आता ते जाणूनबुजून केलेलं दिसतं, आणि आहेच.

मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावर ब्रेकर सुरू झाला. तेच बिल्डरचं काम, तीच पिस्ता टाइल. मी वर गेले आणि अखंड निघालेल्या टाइल्स बाजूला ठेवाल का, असं तिथल्या मिस्त्रींना विचारलं. त्यांनी छन्नी खाली ठेवली, घाम पुसला आणि म्हणाले, “अखंड कुठल्या निघतात ताई, भिंत सोडायलाच तयार नाहीत.” संध्याकाळी त्यांनी पोराच्या हाती वर्तमानपत्रात गुंडाळून अकरा पाठवल्या. त्या आमच्या माळ्यावर आहेत.