माफीचे साक्षीदार

दोन वर्षांपूर्वी जबलपुरात मुलांच्या एका चित्रफीत-कार्यशाळेच्या समारोपाला मी व्यासपीठावर होतो. आठ दिवसांची कार्यशाळा, वस्तीतली पंधरा-सोळा मुले, बाहेरून आलेले प्रशिक्षक आणि फलकावर छापलेला विषय : ‘विविधता आणि समावेशन’. एका मुलाने बापाच्या दारूवर चित्रफीत केली होती, एका मुलीने घरात शौचालय नसण्यावर, आणखी एकाने आजीच्या अंगात येण्यावर. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत रुमाल निघाले.

चहाच्या वेळी मी त्या पहिल्या मुलाला विचारले, विषय तुलाच सुचला का? तो म्हणाला, नाही. त्याला भुताची गोष्ट करायची होती. ग्वारीघाटावर शेवटची नाव बांधून झाली की पाण्यातून कोणीतरी नावाड्याला नावाने हाक मारते, अशी. सर म्हणाले, ते पुढच्या वेळी करू. आधी काहीतरी ‘स्वतःचे’ सांग. मग त्याने बाप सांगितला.

बाप सभागृहात नव्हता. त्याला कोणी बोलावलेच नव्हते. आणि चित्रफितीखालची इंग्रजी वाक्ये मी तपासून दिली होती. मुलगा ‘बाबू पीते हैं’ एवढेच म्हणाला होता. खाली ‘व्यसनाच्या विळख्यात सापडलेले घर’ अशा अर्थाचे वाक्य आले होते, आणि तपासताना मला ते खटकले नव्हते. तेव्हा हा लेख इतरांविरुद्ध आहे तितकाच माझ्याविरुद्धही आहे.

या प्रकाराची जबलपूरला जुनी सवय आहे. विल्यम स्लीमनच्या ठगीविरोधी मोहिमेचे मुख्य ठाणे इथे होते. पकडलेल्या ठगांतून त्याने माफीचे साक्षीदार निवडले. त्यांनी आपल्याच भाऊबंदांविरुद्ध जबान्या द्यायच्या आणि बदल्यात स्वतःची फाशी टाळायची. त्यांची गुप्त बोली टिपून घेऊन स्लीमनने १८३६ मध्ये ‘रामसीआना’ हा ग्रंथ छापला. १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलरची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी आली आणि इंग्लंडात गाजली. साक्षीदार मात्र सुटले नाहीत, ते पहाऱ्यातच राहिले. त्यांच्या मुलांसाठी इथे उद्योगशाळा निघाली; तिथे तंबू आणि गालिचे तयार होऊ लागले. सरकारी भाषेत ही सुधारणा होती.

वस्तीतल्या मुलांची तुलना मी ठगांशी करत नाही. तुलना व्यवस्थेची आहे. आत यायचे तर आपल्या माणसांविरुद्ध काहीतरी सांगावे लागते. सांगितलेले लिहून घेणारा दुसराच असतो. लिहिलेले दूर कुठेतरी वाचले जाते, आणि सांगणारा होता तिथेच राहतो.

याच शहरातली दुसरी एक गोष्ट तिच्या शेजारी ठेवून पाहावी. १८ सप्टेंबर १८५७ रोजी गोंड राजे शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात एक कविता होती, शत्रूचा नाश कर असे देवीला घातलेले साकडे. राज्यकर्त्यांनी मागितलेली जबानी ग्रंथात जपली गेली. कोणी न मागता रचलेली कविता गुन्ह्याचा पुरावा ठरली. आज त्या पितापुत्रांच्या नावाचे संग्रहालय शहरात आहे, आणि ते असावेच. पण गोंडी भाषा अजून आठव्या अनुसूचीत नाही. २०११च्या जनगणनेत ती बोलणारे तीस लाखांच्या आसपास होते. संग्रहालयात जागा मिळणे वेगळे आणि आपल्या बोलीत मनाला येईल ते बोलता येणे वेगळे.

आता आपल्याकडे पाहू. जबलपुरातले आपण मराठी लोक काही भोसल्यांच्या राज्याबरोबर आलो, काही रेल्वे आणि गन कॅरेज फॅक्टरीबरोबर. शहराच्या बहुभाषिक कार्यक्रमात आपल्या वाट्याला दहा मिनिटे येतात आणि त्यांत नऊवारी आणि लेझीम अपेक्षित असते. आपण घरी येऊन चरफडतो : आम्ही एवढेच का? आमच्यात विचार नाही, विनोद नाही, भांडण नाही? ही चरफड खरी आहे. मग तीच वागणूक आपण पुढच्या माणसाला इतक्या सहज कशी देतो? आपल्या स्नेहसंमेलनात मुले वक्तृत्व करतात, नाट्यछटा करतात, विनोदी प्रवेश करतात. घरी वडील रागावतात का, हे त्यांना व्यासपीठावर कोणी विचारत नाही. मंडळातल्या मुलांकडे आपण कला मागतो आणि वस्तीतल्या मुलांकडे जबानी.

यावर मराठी वाचक लगेच म्हणेल, दुःख सांगणे वाईट कसे? आपले दलित आत्मकथन त्यावरच उभे नाही का? उभे आहे, आणि म्हणूनच फरक नीट पाहायला हवा. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दया पवार आणि लक्ष्मण गायकवाड यांनी ती पुस्तके जाणत्या वयात, स्वतःच्या हिमतीवर लिहिली. काय सांगायचे, काय गाळायचे, हे त्यांनी ठरवले. मुखपृष्ठावर त्यांचे नाव होते, आणि आपल्या माणसांची नाराजी पत्करायची तर तीही त्यांनीच पत्करायची होती. मुख्य म्हणजे त्यांनी गावाला आणि व्यवस्थेला जाब विचारला. चौदा वर्षांच्या मुलाला आठ दिवसांत विषय नेमून देऊन बापाला पडद्यावर उभे करायला लावणे, याला आत्मकथनाची परंपरा म्हणणे हा त्या परंपरेचा अपमान आहे.

मग असे उपक्रम करूच नयेत का? जरूर करावेत. बुजरी मुले बोलू लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण चांगले नमुने समोर असताना आपण सोपे नमुने का उचलतो?

अहमदाबादच्या छारानगरातले बुधन थिएटर पाहा. छारा ही १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेली जमात. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का राहिला. १९९८ मध्ये महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांची चळवळ उभी केली आणि त्याच वर्षी छारा तरुणांनी नाटक बसवले. ते त्यांच्या घरातल्या व्यसनावर नव्हते. ते होते बंगालमधल्या पुरुलियात कोठडीत मेलेल्या बुधन शबरवर. बुधन छारा नव्हता, त्यांची भाषाही बोलत नव्हता. दुसऱ्याच्या वतीने जाब विचारायचा अधिकार त्या मुलांनी घेतला. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरून वकिलाच्या जागी जाऊन उभी राहिली.

किंवा आपल्या शेजारच्या बुंदेलखंडातली ‘खबर लहरिया’ पाहा. २००२ मध्ये चित्रकूटला बुंदेलीत सुरू झालेले हे वृत्तपत्र प्रामुख्याने दलित, ग्रामीण स्त्रियांनी चालवले. प्रश्न त्या विचारतात. उत्तरे अधिकाऱ्यांना, पुढाऱ्यांना द्यावी लागतात. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला, तेव्हा २०२२ मध्ये या बायकांनीच जाहीर निवेदन काढले : चित्रपट प्रभावी आहे, पण आमचे काम त्यात एकांगी दिसते. कौतुक होत असतानाही त्यांना हरकत घेता आली, कारण हरकत छापायला स्वतःची जागा त्यांच्याकडे होती. आपल्या कार्यशाळेतल्या मुलाकडे अशी कोणती जागा आहे?

म्हणून अशा उपक्रमांचे निमंत्रण येईल तेव्हा आपण काही गोष्टी विचारून घ्याव्यात. विषय मुले ठरवणार की फलक? संकलनाच्या टेबलावर शेवटचा शब्द कोणाचा? ज्याच्यावर चित्रफीत केली त्याला ती आधी दाखवली का? उद्या मुलाने ‘हे काढून टाका’ म्हटले तर काढणार का? आणि आपल्या मंडळातली मुले पहिल्या रांगेत प्रेक्षक म्हणून बसणार, की तीही कॅमेरा घेऊन आपल्याच घरात शिरणार? मोलकरणीचा कप वेगळा का, स्थळ पाहताना पहिला प्रश्न कोणता, वर्षानुवर्षे वर्गणी देणारी काही मराठी कुटुंबे कार्यकारिणीत कधीच का दिसत नाहीत, यावर तीन मिनिटांची चित्रफीत सहज होईल. तिलाही टाळ्या मिळाल्या, तर मी समावेशन हा शब्द खरा मानेन.

यंदा मला पुन्हा बोलावणे आले. मी म्हटले, येतो, पण त्या मुलाची भुताची गोष्ट आधी दाखवू. ती विषयात बसत नाही, असे उत्तर आले.

मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. बापाची चित्रफीत अजून संकेतस्थळावर आहे. वस्तीतल्या कोणीतरी ती बापाला मोबाइलवर दाखवली, त्यानंतर घरात काय झाले ते त्याने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चित्रफीत काढायची तर कोणाकडे अर्ज करायचा, एवढेच त्याने विचारले. अर्जाचा मसुदा मी लिहू लागलो, तेव्हा त्याने कागद माझ्याकडून घेतला आणि स्वतः लिहिला. चार ओळींचा आहे. त्यातले एकही वाक्य मी तपासलेले नाही.