झाडू कुणाच्या हातात?

परभणीत, पूर्णेत बाई अडली की डॉक्टर म्हणतो, 'नांदेडला न्या.' त्याच नांदेडच्या सरकारी दवाखान्यात २०२३ च्या ऑक्टोबरच्या तोंडावर २४ तासांत २४ माणसं मेली. त्यात १२ नवजात लेकरं. औषधखरेदी रखडली, माणसं कमी, असं खुद्द डीननं सांगितलं. सरकार म्हणालं, औषध भरपूर आहे!

मग खासदार आला. त्यानं आदिवासी डीनच्या हातात संडासाचा झाडू दिला. खासदारावर अ‍ॅट्रॉसिटी लागली. डीनवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. मंत्रालयातल्या एकाही मंत्र्यावर काही लागलं नाही.

हे जुनंच आहे. प्लेगात इंग्रजानं १८९७ चा साथरोग कायदा केला. हुकूम मोडला तर रयतेला शिक्षा. हुकूम चालवणाऱ्या साहेबाला 'सद्भावने'चं कवच. इंग्रज गेला, कवच राहिलं. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्यावर दिसला त्याला कलम १८८. आणि साहेबावर खटला भरायचा, तर परवानगी सरकारचीच!

आम्हाला चौकशी समिती नको. औषधाची फाईल ज्याच्या टेबलावर अडली, त्याचं नाव एफआयआरमध्ये पाहिजे. मग तो मंत्री का असेना.