आपण मागायला का लाजतो?



आमच्या खानापूर भागात वळीव कधी एप्रिलातच येऊन दणका देतो, त्यामुळे मार्च लागला की घरोघरी घाई सुरू होते. चिंच झोडायची, फोडायची, मीठ लावून बरणीत भरायची. मिरचीचे देठ खुडून ती उन्हात घालायची, वर्षाचं तिखट करून आणायचं. शेवया, सांडगे, पापड. सरपण आणि शेणी आत घ्यायच्या. भाताची धूळवाफ पेरणी मे महिन्यात, म्हणून शेणखत त्याआधी शेतात पडायला हवं. आणि कौलं परतायची. ही कामं एका घराच्याने होत नाहीत. म्हणून पैरा. आज तुमची कौलं, परवा आमची. मजुरी नाही, जेवण आणि चहा.

गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. चिंच फोडायला शेजारच्या चौघीजणी येतात, जाताना वर्षाची चिंच नेतात. मिरची आमच्याकडे त्यांच्या शेतातली येते. भांडं रिकामं परत करायचं नाही हा नियम तर दोन्हीकडचा.

पण मला सगळ्यात गोड वाटायचा तो काठीचा व्यवहार. आमच्या परसात कळकाचं बेट आणि कडुनिंब आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी शेजारचे अण्णा येऊन गुढीसाठी काठी आणि पाला तोडून नेतात. त्यांच्या दारात माड आहेत. झावळ्यांच्या रविवारी आमच्या चर्चमधल्या मुलांच्या हातात ज्या झावळ्या असतात, त्या या माडांच्या. २०२४ साली झावळ्यांचा रविवार २४ मार्चला होता आणि पाडवा ९ एप्रिलला. पुढच्या वर्षी पाडवा आधी आला. कोण कुणाचं देणं लागतो हा हिशेब त्यामुळे कधी जमलाच नाही, आणि कुणी जमवलाही नाही.

गेल्या मे महिन्यात मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. घरी मुलगा होता. अण्णांनी दोन दिवस उन्हात बसून त्याच्याबरोबर आमची कौलं परतली. संध्याकाळी मुलाने दोन दिवसांची मजुरी फोनवरून त्यांच्या खात्यात टाकली. अण्णा काही बोलले नाहीत.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी मी कोयता काढून ठेवला. कुणी आलं नाही. सकाळी त्यांच्या दारात बाजारातल्या काठीची गुढी उभी. वहिनी म्हणाल्या, “आयती मिळाली ओ बाई, तुमाला कशाला त्रास!” इतक्या वर्षांत ‘त्रास’ हा शब्द आमच्यात पहिल्यांदा आला.

मुलावर चिडले. तो म्हणाला, “आई, दिवस कसे आहेत बघतेस ना? रोख दिलं की प्रश्न मिटला. उद्या कुणी विचारायला नको, हे लोक शेजाऱ्यांना सारखं काय देतात म्हणून.” त्याची भीती अगदीच खोटी नाही. २०२२ साली कर्नाटकात जो धर्मांतराचा कायदा झाला, त्यात ‘आमिष’ या शब्दाच्या व्याख्येत भेटवस्तूही धरली आहे. ईस्टरचा डबा शेजारी नेताना मीही एकदा थबकले आहे.

पण मला वाटतं, यात थोडी चूक आपलीही आहे. आपण ख्रिस्ती माणसं द्यायला पुढे. नाताळात फराळाची ताटं, लेंटची पाकिटं, गरिबांना कपडे. मागायला मात्र लाज वाटते. जो माणूस नुसता देतच राहतो आणि कधी काही मागत नाही, त्याची शंका मलाही येईल. ज्याच्या मिरचीवर माझं वर्ष जातं आणि माझ्या चिंचेवर ज्याचं, त्याच्या-माझ्यात आमिष कोण शोधणार?

योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय आपण जिवंत पाण्यासाठी वाचतो. पण प्रभूने तिथे सुरुवात मागण्याने केली. दुपारची वेळ, दमलेला, पोहरा नाही, आणि ज्या शोमरोनी लोकांशी यहुद्यांचा व्यवहार नव्हता त्यांच्यातल्या बाईकडे पाणी मागितलं. ही बाजू उपदेशात मी फारशी ऐकलेली नाही.

जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा मात्र माझा हेतू नाही. गावकीच्या नावाखाली आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आज्या-पणज्यांच्या पदरात शिळंपाकं वरून पडलं. रोख मजुरी आली तेव्हा त्यांची मान वर झाली. मजुराला मजुरी वेळेवर द्यावीच. पैरा ही बरोबरीच्यांची गोष्ट. आणि बरोबरीचा माणूस मानलं म्हणून आलेल्या शेजाऱ्याला आपण मजूर ठरवलं, हे मुलाच्या लक्षात आलं नव्हतं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी अण्णांकडे गेले. म्हटलं, “अण्णा, झावळ्या पाहिजेत. आणि शेवयाला वहिनींना दोन दिवस पाठवा, माझ्याच्याने एकटीने होईना.”

अण्णा माडाकडे बघत म्हणाले, “पोरं किती हाईत यंदा?”

“बावीस.”

“मग तीन झावळ्या बास होतील की.” कोयता कमरेला खोचून ते उठले.

त्यांच्या घराची कौलं अजून परतायची आहेत. मुलाने त्यासाठी कामावर दोन दिवसांची रजा टाकली आहे.

– एक वाचक भगिनी, खानापूर तालुका