कॉम्प्रेसर जमिनीला जखडा

आगाशी, अर्नाळा, बोळिंज या बाजूला घरगुती कारखाने बरेच आहेत. कोणी पडवीत मोटारसायकली दुरुस्त करतो, कोणी मागील दारी फर्निचरला स्प्रेने रंग मारतो. अशा ठिकाणी हवेचा कॉम्प्रेसर हमखास आढळतो. डॉक्टरने यंत्रावर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. पण पट्ट्यात बोट सापडले किंवा डोळ्यात कचरा उडाला की माणूस दवाखान्यातच येतो, मेकॅनिककडे जात नाही.

एका जागी बसवायचा मोठा कॉम्प्रेसर पुष्कळांकडे नुसता कोब्यावर ठेवलेला असतो. ‘एवढं वजन आहे, कुठे जातंय?’ हे ठरलेले उत्तर. तो जातो! पंपाच्या हादऱ्याने थोडा थोडा सरकतो. मोटर आणि पंप टाकीच्या डोक्यावर, त्यामुळे भार वरच्या बाजूला. नळीला जोराचा हिसका बसला तर कलंडूही शकतो. सरकताना पाइपाचे आटे सैल होतात, वायर ताणली जाते. मोटारीच्या चाकात साधारण तीस पौंड हवा असते, या टाकीत शंभर-सव्वाशे. सुटलेली नळी आडवीतिडवी फटकारे मारते, आणि पडवीत पोरेबाळे खेळत असतात.

तेव्हा बोल्ट हवेतच. मात्र कचकचून आवळू नका. कोबा उंचसखल असताना पाय जबरदस्तीने खाली ओढले, तर सगळा ताण पायांच्या वेल्डिंगवर येतो आणि हादऱ्याने तिथेच चीर पडते. आधी सगळे पाय नीट टेकवावेत, खाली जाड रबर घालावे, फट राहील तिथे पत्र्याची चकती सारावी, मग बोल्ट बेताने आवळून वर चेकनट लावावा. पुढे लोखंडी पाइप असेल तर मध्ये लवचिक नळीचा तुकडा हवा, आणि पट्ट्यावर जाळी. माझ्या मते हे काम विकणाऱ्यानेच करून द्यावे. तोवर गिऱ्हाइकाने शेवटचे पैसे देऊ नयेत.

आपल्याकडची हवा खारी. बाहेरचा गंज दिसतो, आतला दिसत नाही. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते, पावसाळ्यात तर फारच. रोज काम संपल्यावर खालचा कॉक उघडून पाणी काढावे. तळाशी झिरपू लागलेली टाकी वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये, भंगारात घालावी. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याला बूच मारणाऱ्या महाभागांना काय म्हणावे!

यंत्र जखडले तरी नळी मोकळीच राहते, आणि मला खरी धास्ती तिची आहे. काम आटोपल्यावर अंगावरचा भुसा हवेने झटकायची सवय अनेकांना असते. कातडीवर जखम असेल तर ही हवा आत शिरते. सुजलेली जागा दाबली की चुरचुरते. थट्टा तर याहून भयंकर. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात हडपसरला १६ वर्षांचा मुलगा, मार्च २०२४ मध्ये बंगळुरूला एक तरुण, दोघेही गुदद्वारातून अशी हवा सोडल्याने दगावले. आतडे फाटायला एक क्षण पुरतो, कपडे अंगावर असले तरीही. असे घडल्यास ‘थोडे थांबून पाहू’ म्हणू नका. पोटात पाणीसुद्धा न देता, पोटाचे ऑपरेशन होऊ शकेल अशा रुग्णालयात तडक न्या, आणि काय झाले ते लाज न बाळगता सांगा. पोरे भीतीपोटी लपवतात, त्यात वेळ जातो.

काम संपले की मेन स्विच बंद करावा, टाकीतली हवा सोडून द्यावी, नळी गुंडाळून कुलपात ठेवावी. किल्ली घरातल्या मोठ्या माणसाकडे असावी.