पुढील चाकें : आधीं सांधे, मग यंत्र

आपल्या परभणी जिल्ह्यांत कापूस-सोयाबीन मोंढ्यावर नेणारी जुनी पिकअप गाडी एका बाजूस ओढूं लागली कीं, धनी ती थेट अलाइनमेंटच्या यंत्रावर चढवितो. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. टाय रॉडचे सांधे सैल असतां यंत्रानें जुळविलेली चाकें पहिल्याच खड्ड्यांत बिघडतात. मोजणीची सांखळीच ताणलेली असेल, तर बांध नीट कोठून निघणार ?

शेतकरी बंधूंनीं प्रथम दोन्ही टायरांतील हवा सारखी करावी. नंतर मागील चाकांस दगड लावून पुढील चाक जॅकवर उचलावें व खालीं भक्कम ठोकळा द्यावा. चाक वर-खालीं धरून हलवितांना खेळ दिसल्यास बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन झिजलेला असावा; डावी-उजवीकडे धरून दिसल्यास बहुधा टाय रॉडचा सांधा. यांत हयगय नको. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवें पडतें, आणि मागें मजूर बसलेले असतात !

झिजलेला भाग बदलल्यावरच टो, म्हणजे चाकांच्या पुढील व मागील कडांमधील अंतरांचा फरक, गाडीच्या पुस्तकाप्रमाणें जुळवावा.

पावसाळ्यांत काळ्या रानाचा चिखल रिमच्या आंत वाळून बसतो व वेगांत स्टिअरिंग थरथरतें. तो दोष अलाइनमेंटचा नव्हे. रिम धुतल्यानें भागतें. हें दुकानदार आपण होऊन सांगेल, अशी आशा धरूं नये. यंत्रावर गाडी नेलीच, तर आधींच्या व नंतरच्या मापांचा कागद मागून घ्यावा.